गोड मुख्याध्यापकांची तालीम

गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाला चिकटून, एक छोटं पार्लर आहे. तिथे केस गिऱ्हाइकांचे कापले जातात आणि नाक शाळेच्या मुख्याध्यापकांचं. पार्लर चालवणाऱ्या बाईंना सगळी वस्ती हेडबाई म्हणते. त्या कुठल्याच शाळेच्या हेडबाई नाहीत. शाळेशी त्यांचं लहानपणापासून वाकडं. गणितानं त्यांना जवळ केलं नाही आणि त्यांनीही गणिताची मनधरणी केली नाही. हे नाव पडलं ते त्यांच्या तालमींमुळे.

तालीम म्हणजे काय ते सांगायला हवं. वस्तीत कुणाच्या मुलाला शाळेनं जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवलं, कुणाच्या मुलीला परीक्षेला बसू दिलं नाही, कुणाचं नाव न विचारता पटावरून कमी केलं, की ते आईबाप रडत किंवा तणतणत पार्लरमध्ये येतात. दुपारी गिऱ्हाईक नसतं. हेडबाई आईला किंवा बापाला फिरत्या खुर्चीत बसवतात, गळ्याभोवती केस कापायचं कापड करकचून बांधतात आणि हातात कात्री घेऊन मागे उभ्या राहतात. मग आरशातून त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालतात आणि क्षणात मुख्याध्यापक होतात.

"जन्मदाखला नाही? मग मूल काय आभाळातून टपकलं?"

"कोटा भरला! उद्या या. परवा या. येऊच नका!"

कात्री कचकच करते, खुर्चीतल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, पण पळता येत नाही. कापड बांधलेलं असतं. पहिल्या तालमीत बहुतेक जण "बरं सर, चुकलं सर" म्हणतात. दुसऱ्या तालमीत निदान मान वर होते. पुढे पुढे असा एखादा बाप निघतो की तो उलट हेडबाईंनाच दम भरतो, आणि मग त्या खूश होऊन त्याच्या केसांवर फुकटात हात फिरवतात. खऱ्या मुख्याध्यापकांसमोर गेल्यावर आईबापांना वाटतं, अरे, हा तर आपल्या हेडबाईंपेक्षा मवाळच आहे की! आणि निम्मं काम तिथेच होतं.

कायद्याचं म्हणाल तर हेडबाईंचं ज्ञान यथातथाच. कलमांचे आकडे त्या इतक्या आत्मविश्वासानं चुकतात की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटावं. त्यांच्या नवऱ्याची पुतणी मोफत कायदा सल्ला केंद्रात वकील आहे. खरं काय ते तीच सांगते. ती दर वेळी कपाळाला हात लावते आणि म्हणते, "काकू, तुम्ही आकडे सांगू नका हो, हात जोडते. तुम्ही फक्त माणसाला उभं करा." तेव्हापासून हेडबाईंनी कायद्याची तीन वाक्यं केली आहेत आणि ती सगळ्यांकडून पाठ करून घेतात: शाळा सरकारी आहे. मूल आपलं आहे. आणि 'नाही' म्हणायचं असेल तर लिहून द्या.

या तिसऱ्या वाक्यावर त्यांचा फार जीव. तोंडानं नाही म्हणायला काय जातं? लिहून द्यायची वेळ आली की भल्याभल्यांचं पेन आटतं. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या वेळी असंच झालं होतं. अभ्यासात मंद म्हणून त्याला शाळेतून काढायला निघाले होते. हेडबाई तेव्हा तरुण होत्या आणि मुख्याध्यापकांसमोर नुसत्या रडत होत्या. व्हरांड्यात थांबलेली कुणीतरी अनोळखी आई आत आली, शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग तसं लिहून द्या ना, सर." मुलगा शाळेत राहिला. आज तो दूरच्या गावी मोटारी दुरुस्त करतो आणि आईला फोनवर अजून हिशेब शिकवतो. ती बाई मात्र पुन्हा कधी भेटली नाही. तिचे उपकार कसे फेडायचे ते न कळल्यामुळे हेडबाई वस्तीतल्या सगळ्यांवर फेडत सुटल्या.

घरी नवरा आहे. तो कापडाच्या दुकानात विक्रेता. स्वभावानं इतका गोड की त्याच्याशी भांडायला बसलं तरी माणूस शेवटी दोन वार कापड घेऊन उठतो. तालमीत एखादं काम मिळावं अशी त्याची फार इच्छा. पण हेडबाई म्हणायच्या, "तुम्ही नको. तुम्ही मुख्याध्यापक झालात तर त्यांना चहा पाजाल." इतकं खरं आणि इतकं महागात पडणारं वाक्य त्या आयुष्यात दुसरं बोलल्या नसतील.

तर एकदा वस्तीतला रंगारी आला. भिंती रंगवणारा, दांडगा, आवाज असा की शिडीवरून बोलला तर खालच्या माणसानं टोपी धरावी. त्याला एकच मुलगी, चौथीतली. तिला एका कानानं मुळीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं यंत्र लावल्यावर बऱ्यापैकी येतं. स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा तिला अंदाज नाही, त्यामुळे तिचं कुजबुजणं चार घरं पलीकडे ऐकू जातं. बाप कौतुकानं तिला बिगुल म्हणतो. मुलगी हुशार, हसरी, आणि तोंडात तीळ भिजत नाही.

शाळेचं म्हणणं असं, की बिगुलला इथे जमत नाही. शहराबाहेर अशा मुलांची वसतिगृहाची शाळा आहे, तिकडे टाका. सुट्टीला घरी येईल. हे सांगताना रंगाऱ्याचा तो दांडगा आवाज बसला. "ताई, ती झोपताना यंत्र काढते. मग अंधारात तिला काहीच कळत नाही. आईचा हात हातात लागतो तिला. तिकडे कुणाचा हात धरेल?"

हेडबाईंनी जास्त बोलू दिलं नाही. रडणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, ही त्यांची रीत. कापड बांधलं, कात्री उचलली, आणि तालीम सुरू झाली. आणि काय सांगावं, रंगारी जन्मजात लढवय्या निघाला! त्या ओरडल्या की तो दुप्पट ओरडायचा. "शाळा सरकारी आहे! मूल माझं आहे! लिहून द्या!" औषधवाल्याची गिऱ्हाइकं दचकून पार्लरमध्ये डोकावली. हेडबाईंना भरून आलं. असा शिष्य त्यांना लाभला नव्हता. एकच झालं. बिगुलची आईही आली होती. बेकरीत काम करणारी, बारीक अंगाची, अबोल बाई. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती. तिला खुर्चीत बसवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. वाघ हाताशी असताना कोण कशाला विचारतंय?

बोलावणं आल्यावर रंगारी एकटाच गेला, कारण बायकोला बेकरीतून सुटता आलं नाही. दुपारी तो पार्लरमध्ये आला तो नुसता फुललेला.

"ताई, झालं काम! लिखापढीसकट झालं!"

हेडबाईंनी हातातल्या गिऱ्हाइकाचे केस तसेच ओले सोडले. "लिहून दिलं त्यांनी?"

"त्यांनी नाही. मी दिलं."

हेडबाईंनी कंगवा गिऱ्हाइकाच्या ओल्या केसांतच रोवला.

झालं होतं ते असं. रंगारी छाती पुढे काढून आत गेला, तर मुख्याध्यापक उठून उभे राहिले. बसा म्हणाले. चहा मागवला, बिस्किटं मागवली. खालच्या मजल्यावरचे वर्ग तुम्हीच रंगवलेत ना, काय सफाईदार हात आहे म्हणाले. रंगाऱ्याच्या हाताला उभ्या जन्मात कुणी सफाईदार म्हटलं नव्हतं. 'डाग पाडू नकोस' एवढंच म्हटलं होतं. तो ओरडायची वाट बघत होता, समोरचा ओरडेचना. मग ते हळूच म्हणाले, आम्हाला तुमच्या मुलीची फार काळजी वाटते. रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या भल्याचंच आपण बघू, ते म्हणाले. बघू, हा म्हणाला. मग तसं लिहून द्या ना, ते म्हणाले. आणि 'लिहून द्या' हे ओळखीचे शब्द कानावर पडताच रंगाऱ्याला वाटलं, जिंकलो! त्यानं आनंदानं, आपल्या सफाईदार हातानं, मुलीला वसतिगृहाच्या शाळेत पाठवायला आमची संमती आहे, असं लिहून खाली सही ठोकली.

"पण ताई, तुम्हीच म्हणाला होता ना..."

"मी म्हणाले होते त्यांच्याकडून घ्या! मी काय म्हणाले होते आपली पोर देऊन या?" हेडबाई कडाडल्या. मग रंगाऱ्याचा चेहरा बघून गप्प झाल्या. चूक कुणाची होती ते त्यांना पुरतं कळत होतं. ओरडणाऱ्याशी कसं लढायचं ते त्यांनी वस्तीला शिकवलं होतं. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं, हा धडाच त्यांच्या शाळेत नव्हता.

संध्याकाळी पुतणी आली. तिनं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, पण धीरही दिला. "काकू, जवळच्या सरकारी शाळेला मुलीला असं घालवता येत नाही. तिला ऐकू यावं म्हणून सोय करायची, ती शाळेनं. संमतीचा कागद वर पाठवण्याआधी आई आणि वडील दोघांनाही समोर बसवून विचारावंच लागतं. तिथे नाही म्हणा, संमती मागे घेतल्याचा अर्ज द्या, की संपलं. अर्ज मी लिहून देते." मग रंगाऱ्याकडे वळून ती म्हणाली, "पण काका, तिथे जाऊन पुन्हा हो म्हणालात, तर मी काही करू शकणार नाही."

आता गोड मुख्याध्यापक आणायचा कुठून? हेडबाईंनी स्वतः करून बघितलं. "बसा हं," असं त्या इतक्या प्रेमानं म्हणाल्या की रंगारी घाबरून उठलाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी त्यांनी मान खाली घालून नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. तुमच्यासाठी एक काम आहे."

नवरा जणू या हाकेसाठीच जन्माला आला होता. त्यानं शर्टाची बटणं नीट केली, खुर्ची पुढे ओढली आणि दुकानात गिऱ्हाईक बसवावं तसं रंगाऱ्याला बसवलं. "या, दादा. दमलात ना? शिडीवरचं काम, सोपं का आहे? पाय दुखत असतील." तेवढ्यानंच रंगारी अर्धा विरघळला. "मुलीचं आपण तुमच्या मनासारखंच करू. घाई नाही. तुम्ही म्हणाल तसं. फक्त एकदा विचार करून बघा, तिच्यासारखीच मुलं तिथे, तिच्यासारखेच खेळ..."

"हो," रंगारी म्हणाला.

"अहो भाऊ!" हेडबाई किंचाळल्या. "हो काय? नाही म्हणा!"

"पण ताई, ते एवढं चांगलं बोलतायत..."

पुन्हा केलं. पुन्हा हो. रोज दुपारी तालीम, रोज हो. एकदा तर नवऱ्यानं त्याला बोलता बोलता पडद्याचं कापडही विकलं. रंगारी दुसऱ्या दिवशी ओशाळून म्हणाला, "ताई, शिवी द्या, मारा, मी उभा राहतो. पण कुणी पाठीवरून हात फिरवला की माझं काही चालत नाही. लहानपणापासून असंच आहे." हे ऐकून नवराच रडवेला झाला आणि दोघं एकमेकांची समजूत घालत बसले. हेडबाईंनी डोकं गच्च धरलं. बिगुलची आई कोपऱ्यातल्या बाकावर बसून सगळं बघत होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून बिगुल अधूनमधून तिच्या कल्पनेनं हळूच विचारायची, "आई, आता काय म्हणाले काका?" आणि आई तिच्याकडे तोंड करून सांगायची.

शाळेनं आईवडिलांना बोलावल्याचा दिवस उजाडला. रंगारी, त्याची बायको आणि बिगुल यांच्यासोबत हेडबाईही गेल्या. दारातच त्यांनी रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं, की चहा घ्यायचा नाही, बिस्किटाकडे बघायचंही नाही.

मुख्याध्यापकांची खोली नीटनेटकी होती. भिंतीवर शाळेला मिळालेल्या ढाली, टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथे कारकून काहीतरी टाइप करत होता. मुख्याध्यापक खरोखरच उठून उभे राहिले. हसले. चौघांना बसवलं, हेडबाईंनासुद्धा "आपण या मुलांसाठी फार करता, मला माहीत आहे" असं म्हणाले. हेडबाईंच्या जिभेवर तयार असलेली सगळी वाक्यं त्या एका वाक्यानं पुसली गेली. मेला, खरंच गोड बोलतो की, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपण लाजून पदर सारखा करतोय हे कळल्यावर त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

मुख्याध्यापक बोलू लागले. आवाज मऊ, खालच्या पट्टीतला. शाळेत मुलं खूप, शिक्षक कमी. प्रत्येकाकडे लक्ष देता येत नाही, याचं मलाच वाईट वाटतं. अशा गोड मुलीचं नुकसान व्हावं असं कुणाला वाटेल? तिकडे तिच्यासाठी सगळं आहे. आई म्हणून तुम्हाला जड जाईल, पण थोडं मन मोठं करायला हवं. वडिलांनी केलंच आहे. शब्दाला शब्द असा जोडलेला, की मध्ये 'नाही' सरकवायला फटच नव्हती. रंगारी डोळे पुसत मान हलवत होता. पुतणीनं लिहिलेला अर्ज त्याच्या खिशात घडी घालून होता आणि हात काही खिशाकडे जात नव्हता. हेडबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला, तर तो "असू दे ताई" म्हणाला.

त्या खोलीत एकाच माणसावर या गोडव्याचा काही परिणाम झाला नव्हता. बिगुलला यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तिनं सगळ्यांचे चेहरे पाहिले, बाप रडतोय हे पाहिलं, आणि आईची बाही ओढून तिच्या परीनं कुजबुजली, "आई! काय म्हणतात?"

शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं.

मुख्याध्यापक कौतुकानं हसले. हेडबाईंना वाटलं, आई आता घरी गेल्यावर सांगते म्हणेल. पण बिगुलला काही सांगायचं तर तिच्याकडे तोंड करून, थोडक्यात आणि मोठ्यानंच सांगावं लागतं. घरात नऊ वर्षं तसंच चालत आलेलं. ही अबोल बाई रोज दिवसभर तेच करत होती, आणि तिनं तेच केलं. मुलीकडे वळून, एकेक शब्द सुटा करून, ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"म्हणतात, तू या शाळेत नको."

बिगुलचं हसू मावळलं.

"अहो, मी असं कुठे म्हटलं?" मुख्याध्यापकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी तर तिच्या भल्यासाठी..."

"मग काय म्हटलंत ते तुम्हीच सांगा तिला, सर," आई म्हणाली. "मला तेवढंच कळलं. जरा मोठ्यानं सांगा, आणि तिच्याकडे बघून. हळू बोललं की तिला कळत नाही."

बिगुलनं खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्या ओठांकडे नजर लावली. व्हरांड्यातून पाणी प्यायला निघालेली दोन-तीन मुलं दारात रेंगाळली होती. कारकून मान वर करून बघत होता.

"बाळ," मुख्याध्यापक म्हणाले.

"मोठ्यानं," आई म्हणाली.

"बाळ, तुला..." त्यांनी घसा साफ केला. ते काही दुष्ट नव्हते. डोक्यावर कामाचे डोंगर होते आणि ही एक अडचण गोडीत सुटली तर त्यांना हवी होती, इतकंच. पण मघापासून त्यांनी जे काही सांगितलं होतं, ते दारातल्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, एका चौथीतल्या मुलीच्या तोंडावर म्हणता येईना. काही गोष्टी हळू आवाजातच बोलता येतात.

तेव्हा रंगारी उठला. त्याचा हात आपोआप खिशात गेला. अर्जाची घडी उलगडून त्यानं ती काचेवर ठेवली, आणि शिडीवरच्या आवाजात म्हणाला, "नाही, सर."

एवढंच. तीन वाक्यांमधलं एकही त्याला आठवलं नाही.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि बिगुलकडे बघितलं. मग पुढे वाकून, सवय नसलेल्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुला वर्गात काय अडचण होते?"

"भिंत!" बिगुल म्हणाली. "माझा यंत्राचा कान भिंतीकडे येतो. मला त्या बाजूचा बाक द्या." आणि दुसरीकडे बोट दाखवलं.

हेडबाई तिचे केस लहानपणापासून कापत होत्या. दर वेळी ते यंत्र काढून वाटीत ठेवत होत्या. कुठला कान ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण तू बसतेस कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. इतक्या तालमी झाल्या, त्यातही नाही. त्यांचे कान गरम झाले.

"आजपासून त्या बाजूला बस," मुख्याध्यापक म्हणाले. "मी बाईंना सांगतो. बाकी सोय काय करायची ते आपण बघू." मग आईकडे वळून, "आणि हे मी लिहून देतो."

बाहेर व्हरांड्यात रंगारी भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. हेडबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवणार होत्या, पण त्याचा स्वभाव आठवून त्यांनी हात मागे घेतला. बिगुल आईचं बोट धरून उभी होती.

"आई, आता मी काय करू?" ती कुजबुजली, आणि दूरच्या वर्गातली मुलं खिदळली.

आई तिच्याकडे वळली. "वर्गात जा. तास चालू आहे."

बिगुलनं बोट सोडलं आणि व्हरांड्यातून पळत सुटली. वर्गाच्या दारात थांबून तिनं "बाई, आत येऊ का?" असं विचारलं, ते फाटकाबाहेरच्या रस्त्यावरही ऐकू गेलं असेल. आतून बाई काय म्हणाल्या ते या तिघांना ऐकू आलं नाही. पण तिला आलं असावं, कारण ती आत गेली.